शेतातल्या दगडांच्या गोलाखाली काय असतं? (नागपूर जिल्हा)

बरडावरचा:

नमस्कार मंडळी. आमचं शेत हिंगणा तालुक्यात आहे, गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. खालची काळी जमीन कापसाला बरी आहे, वरचा तुकडा मात्र सारा बरड, मुरमाचा. त्या बरडावर काळ्या दगडांचा एक मोठा गोल आहे. दगड उभे नाहीत, आडवे पडलेले, अर्धे मातीत गेलेले. काही तर चार माणसांनी जोर लावला तरी हलायचे नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत चौदा-पंधरा पावलं भरतात. मधली जमीन आजूबाजूपेक्षा जरा वर आली आहे, तिच्यावर पळस माजलाय. एका दगडाच्या माथ्यावर बोटाचं पेर बुडेल एवढे खळगे एका ओळीत कोरलेले आहेत. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं.

लहानपणापासून ऐकत आलो की हे गवळ्यांचं आहे. जुन्या काळी इथं गवळ्यांचं राज्य होतं, त्यांची ढोरं बसायची वगैरे. आता मोठा भाऊ त्या तुकड्यावर संत्रा लावतो म्हणून राहिला. जेसीबी सांगून ठेवलाय. दगड ढकलायचे, खड्डे करायचे, झालं. मी म्हटलं थांब, कोणाला तरी विचारू. तो म्हणतो, विचारायला गेलास की सरकार जमीन घेऊन जाते. इकडे गावातल्या दोघा-तिघांना वाटतं खाली सोन्याचा हंडा आहे, ते वेगळंच.

कोणी जाणकार असेल तर सांगा, हे नेमकं काय आहे? अश्मयुगातलं म्हणतात ते हेच का? इंग्लंडातल्या स्टोनहेंजसारखं काही? आणि खणलं तर खरंच काय निघतं?

पोट्टा_नागपूरचा:

भाऊ, आधी जेसीबीवाल्याले फोन लावा. त्याले म्हणा महिनाभर दुसरीकडे काम पाहाय. मग इथं निवांत गप्पा करू. आन् हंडा निघाला तर पयला रिप्लाय कोनी देला होता ते लक्षात ठेवजा.

सेक्शनवाला:

जेसीबी थांबलाय असं धरून लिहितो.

आधी वय. हे अश्मयुगातलं नाही. दगडाचं आहे म्हणून लोकांना तसं वाटतं, पण ज्यांनी हे रचलं त्यांच्याकडे लोखंड होतं, तांबं होतं, घोडे होते. विदर्भातली ही शिळावर्तुळं ढोबळमानानं इ.स.पू. 1000 ते इ.स.पू. 300 या काळातली. पुस्तकांत तुम्हाला महापाषाण किंवा बृहदश्म संस्कृती असं नाव दिसेल. त्या लोकांनी स्वतः लिहिलेलं एक अक्षर सापडलेलं नाही, त्यामुळे जे काही कळतं ते मातीतून. स्टोनहेंजचे मोठे दगड याच्या दीड-दोन हजार वर्षं आधी उभे राहिले आणि ते उभे करण्यासाठीच आणले होते. तुमच्या शेतातल्या दगडांचं काम निराळं आहे.

काम काय, तर आतला भराव धरून ठेवायचा. झाडाच्या आळ्याला आपण कडेनं दगड लावतो तसं. तुमचा गोल म्हणजे बांधकामाची फक्त कड आहे. खरी वास्तू म्हणजे मधला तो उंचवटा, ज्याला गावात कोणी विचारत नाही.

रचायची पद्धत साधारण अशी. जागा मुद्दाम बरड निवडायची, जिथं पीक येत नाही. मुरूम लागेपर्यंत वरची माती साफ करायची, कधी उथळ खड्डाही करायचा. त्यावर मृताचे अवशेष आणि सोबतच्या वस्तू मांडायच्या. मग वरून चिकट काळी माती. ही माती बरडावर नसते, खालून वाहून आणावी लागते. तिच्यावर मुरूम, गोटे, पुन्हा माती, आणि सगळ्याला बाहेरून ट्रॅपच्या, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाच्या, मोठ्या दगडांचं कडं. एवढी माती डोक्यावरून वाहायला किती माणसं आणि किती दिवस लागले असतील याचा हिशोब शेतकऱ्याला जास्त चांगला जमेल.

मी विद्यार्थी असताना अशा एका खणतीवर आराखडे काढायला होतो. साईटचं नाव नको, मुद्दा कामाचा आहे. वर्तुळाचे चार भाग पाडतात. मधे अधिकच्या चिन्हासारख्या दोन भिंती न खणता राखतात आणि समोरासमोरचे दोन भाग आधी उतरवतात. म्हणजे राखलेल्या भिंतीत सगळे थर उभे कापलेले दिसतात. त्या भिंतीला आम्ही सेक्शन म्हणायचो. दुपारी ऊन वर आलं की सगळी माती एकाच फिकट रंगाची दिसते, काही कळत नाही. सकाळी लवकर, पंपानं पाण्याचा बारीक फवारा मारला की थर उठून येतात: तळाला पिवळसर मुरूम, त्यावर काळ्या मातीचा पट्टा, पट्ट्याच्या आत पांढऱ्या चुनखडीचे ठिपके, वर पुन्हा तांबडट मुरूम. ओलं आहे तोवर करणीच्या टोकानं रेघा मारून घ्यायच्या, मग दोरी, ओळंबा आणि ग्राफ पेपर. काळ्या पट्ट्यात मधेच मुरमाचा एक ढेकूळ दिसला तरी विचारायचं, हा इथं कसा? नंतर कोणी वरून खड्डा केला होता का? त्याच्या खालच्या वस्तूंवर विश्वास ठेवायचा की नाही, हे त्या ढेकळावर ठरतं.

जेसीबीचा बकेट हाच पट्टा एका फटक्यात कालवून टाकतो. वस्तू कदाचित राहतीलही. पण त्या कशाच्या शेजारी होत्या, ते जातं.

आता वस्तू. सगळ्यात जास्त खापरं. आत आणि काठाशी काळं, बाहेरून तांबडं असं चकाकीचं भांडं असतं, त्याला काळी-तांबडी मृद्भांडी म्हणतात. त्याच्याबरोबर अभ्रकाची चमक असलेली तांबडी भांडी. मग लोखंड, आणि ते भरपूर. कुऱ्हाडी, छिन्न्या, खंजीर, भाल्याची आणि बाणांची टोकं, पळ्या, नखं काढायची नराणीसुद्धा. तिथं गेल्यावर माणसाला नखं कापायला लागतील असं कोणाला तरी वाटलं होतं! तांब्याची भांडी, घंटा, बांगड्या. अकीक आणि कार्नेलियनचे मणी, काहींवर पांढऱ्या रेघांची नक्षी. ती रंगवलेली नसते, क्षार लावून भाजून दगडातच उतरवलेली असते.

कुऱ्हाडीबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण ती माझ्या डोक्यातून जात नाही. मातीतून वर येते तेव्हा ती कुऱ्हाड वाटतच नाही. गंजानं फुगलेला, पापुद्रे सुटलेला तांबूस लांबोळका गोळा, त्याला मुरमाचे खडे घट्ट चिकटलेले. तिला हात लावायचा नाही, बाजूची माती बांबूच्या काडीनं आणि मऊ ब्रशनं काढत जायची. तासाभरानं पात्याची धार कुठे आणि माथा कुठे ते कळतं. मग पात्यावर आडव्या-तिडव्या बसलेल्या लोखंडी पट्ट्या दिसायला लागतात. या कुऱ्हाडीला दांड्यासाठी भोक नसतं. पातं दांड्याला लावून या पट्ट्यांनी आवळायचं. विदर्भातल्या वर्तुळांत ही कुऱ्हाड पुन्हा पुन्हा निघते. दांडा लाकडाचा, तो केव्हाच गेला. पण पट्टी आणि पात्याच्या मधे जी फट राहते, ती त्या दांड्याची जाडी. मी कॅलिपर लावून ती मोजली तेव्हा शेजारी बसलेले गावातले मजूरबुवा म्हणाले, एवढ्या दांड्यानं झाड नाही तुटत, फांद्या तुटतात. वहीत लिहून घेतलं मी ते.

लोहारकाम कच्चं नव्हतं. नागपूरजवळच्या माहुरझरीला वर्तुळं आहेत, तिथं सापडलेल्या एका छिन्नीची धातुशास्त्रीय तपासणी झाली, 2010 मध्ये ती प्रसिद्ध झाली. छिन्नी पोलादाची निघाली. म्हणजे लोखंडात कर्ब मुरवून धार टणक करायची हे त्यांना जमत होतं.

घोड्याचं पुढच्या वेळी सांगतो, जेवायला बोलावून राहिले.

खापरखुंट:

माहिती उत्तम. पण एक शंका. आपण सरळ ‘मृताचे अवशेष’ म्हणून पुढे गेलात. मी पुण्याला शिकत असताना काही अहवाल चाळले होते. कित्येक वर्तुळांत अख्खा सांगाडा तर सोडाच, हाडांचे चार तुकडेसुद्धा धड नसतात. मग ही सगळी थडगी म्हणायची कशावरून? धान्याचं कोठार नाही, देवाचं ठाणं नाही, हे कसं ठरवलं?

बरडावरचा:

काका, लिहित राहा. भावाला पण वाचायला दिलंय. तो म्हणतो नराणी वगैरे ठीक आहे, सोन्याचं काय ते सांगा. आणि त्या खळग्यांचं?

सेक्शनवाला:

खापरखुंट, शंका रास्त आहे. उत्तर दोन तुकड्यांत.

एक, बऱ्याचदा मेलेल्या माणसाला थेट इथं आणून पुरत नसत. शरीर आधी दुसरीकडे ठेवायचं, काही काळानं उरलेल्यातली काही हाडं वेचून इथं आणायची. त्यामुळे अख्खा सांगाडा मिळाला तर तो अपवाद समजायचा. त्यात मुरमाड जमीन आणि विदर्भातला पाऊस, हाड टिकायचं तरी किती. काही वर्तुळांत खरंच हाड नसतं. ती नुसती स्मारकं असू शकतात, बाहेरगावी मेलेल्या माणसासाठी केलेली. यात मला काही वावगं वाटत नाही.

दोन, वस्तूंची मांडणी. कोठारात खंजीर, मण्यांची माळ आणि घोड्याचा साज एका पातळीवर मांडून वरून काळी माती लोटत नाहीत. आणि ज्या वर्तुळांत हाडं आहेत तिथली मांडणी नि ज्यांत नाहीत तिथली मांडणी सारखीच दिसते. म्हणून मी त्यांना एकाच घराण्यातलं मानतो. ठाण्याची शक्यता तुम्ही म्हणता ती पूर्ण उडवून लावणार नाही. मेलेल्याचं ठिकाण आणि पूजेचं ठिकाण वेगळं असायलाच हवं असं थोडंच आहे.

आता घोडा. माहुरझरी, नैकुंड, खापा, भागीमोहारी या ठिकाणी घोड्याचे अवशेष मिळालेत. लगामाचं तोंडात बसणारं लोखंड मिळालंय. माहुरझरीला तर घोड्याच्या तोंडावर बांधायचा तांब्याच्या पत्र्याचा साज निघाला, चामड्यावर बसवलेला. चामडं गेलं, पत्रा राहिला. हा पत्रा जर भंगारवाल्याच्या पोत्यातून आला असता, तर मी त्याला मोडक्या डब्याचा तुकडा म्हणालो असतो, तुम्हीही म्हणाला असता. घोड्याशेजारी निघाला म्हणून तो साज. एवढ्यासाठी मी कालपासून थर, थर करतोय.

माहुरझरीचं पहिलं मोठं उत्खनन 1970 ते 72 मध्ये नागपूर विद्यापीठानं केलं, शां. भा. देव यांच्या हाताखाली. त्याआधी 1968-69 ला त्यांनीच टाकळघाट आणि खापा खणलं होतं. ही जोडी मला फार आवडते. खाप्याला वर्तुळं, टाकळघाटला वस्ती. तोवर मेलेल्यांची ठिकाणं ठाऊक होती, जिवंत माणसं कुठे राहायची ते नीट हाती लागलं नव्हतं. टाकळघाटला चुली, खापरं, रोजच्या वापराच्या गोष्टी मिळाल्या आणि भांडी तीच निघाली जी वर्तुळांत होती.

नैकुंडला आणखी पुढची गोष्ट झाली. 1978 ते 80 च्या सुमाराला देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी पेंच नदीकाठच्या वस्तीत लोखंड गाळायची भट्टी शोधली. मातीच्या वळणदार विटांची छोटी गोल भट्टी, भात्याच्या हवेसाठी नळी, आजूबाजूला लोखंड गाळून उरलेली मळी. काळ इ.स.पू. 700 च्या आसपास. वर्तुळातली कुऱ्हाड जत्रेतून आणलेली नव्हती, असं आता छातीठोक सांगता येतं. त्याच वस्तीत गहू, तांदूळ, जव, मसूर यांचे जळके दाणेही मिळाले. बरडावर मेलेली आणि काळ्या जमिनीवर जिवंत, अशी त्यांची वाटणी होती. तुमच्या शेताचं जे वर्णन केलंत त्यात ही वाटणी अजून दिसतेय: खाली कापूस, वर दगडांचा गोल. खालच्या बाजूला ओढ्याकाठी नांगरताना काळी-तांबडी खापरं येतात का, ते एकदा बघा. मला त्यात वर्तुळापेक्षा जास्त रस आहे.

भावाला सांगा, सोनं मिळतं. पातळ पत्र्याचे बारीकसे दागिने, तेही मोजक्या वर्तुळांत. हंडा नाही. ज्यांनी रात्री टॉर्च लावून मधोमध खड्डे मारले त्यांच्या हाती गंजकी छिन्नी आणि फुटकी मडकी आली आणि ती त्यांनी तिथंच फेकून दिली. अशी मधोमध खड्डा पडलेली वर्तुळं मी पाहिली आहेत. चिडायला होतं.

खळग्यांना कपमार्क म्हणतात. काही दगडांवर ओळीत असतात, दोन ओळीही असतात. नागपूरहून काटोल रोडला जुनापाणी आहे, तिथं तीनशेच्या आसपास वर्तुळं आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच दगडांवर हे खळगे आहेत. 1867 मध्ये रिव्हेट-कार्नॅक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथं खणून पाहिलं, पुढे 1879 मध्ये बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लिहिलं. गडी कापसाचा कमिशनर, पण जीव दगडात. इकडचे खळगे आणि स्कॉटलंड-इंग्लंडातले खळगे शेजारी ठेवून तो नातं जोडत बसला. तेव्हाच्या साहेबांना इथलं काहीही दिसलं की ते मध्य आशियातल्या सिथियनांनी आणलं असं वाटायचं. त्यानंही लिहून ठेवलंय की गावची माणसं ही वर्तुळं गवळ्यांची सांगतात. म्हणजे तुमच्या आजोबांची गोष्ट निदान दीडशे वर्षं जुनी आहे.

खळगे कशासाठी, यावर मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मयंक वाहिया आणि सहकाऱ्यांनी जुनापाणीला मोजमाप केलं. खळग्यांचे दगड वर्तुळाच्या कुठल्याही बाजूला नसतात, ठराविक दिशांना असतात असं त्यांना दिसलं, आणि त्यांनी ते आकाशनिरीक्षणाशी जोडलं. दिशा ठराविक असणं मला पटतं. त्यापुढचं आकाश मला थोडं लांबचं वाटतं. मेलेल्याला ठराविक दिशेनं ठेवायची चाल आजही आपल्याकडे आहेच की, त्याला वेधशाळा लागत नाही.

पोट्टा_नागपूरचा:

हिस्लॉप कॉलेजवाला हिस्लॉप पण यातलाच ना? आमच्या सरांनी सांगितलं होतं तो याच्याच नादात मेला.

सेक्शनवाला:

बरोबर. स्टीफन हिस्लॉप, मिशनरी, पण दगड-जीवाश्म-बोली सगळ्यात नाक खुपसणारा. 1863 च्या सप्टेंबरात तो रिचर्ड टेंपलबरोबर टाकळघाटजवळची वर्तुळं बघायला गेला होता. टेंपल म्हणजे तेव्हाचा मध्य प्रांताचा मोठा साहेब. दिवसभर बघणं झालं, हिस्लॉप मागे रेंगाळला आणि संध्याकाळी बोरीच्या मुक्कामाकडे एकटाच घोड्यावर निघाला. वाटेत ओढा फुगलेला होता. घोडा मुक्कामाला पोचला, स्वार नाही. ‘हा पूर ओसरू दे’ म्हणायला सोबत एखादा गावकरी असता तर वाचला असता. आपल्याकडचे नाले सप्टेंबरात काय करतात ते हिंगणेकरांना सांगायला नको.

फेरफार:

कायद्याचं थोडं मी लिहितो, नोकरी महसुलात गेली.

पहिलं, तुमच्या भावाची भीती. वर्तुळ सापडलं म्हणून सातबाऱ्यावरचं नाव आपोआप बदलत नाही. 1958 च्या केंद्राच्या प्राचीन स्मारकं आणि पुरातत्त्वीय स्थळं कायद्याखाली एखादी जागा अधिसूचना काढून संरक्षित जाहीर होते. राज्याचा 1960 चा कायदा वेगळा आहे. तशी जाहीर झाली तरी मालकी बहुतेक वेळा खासगीच राहते, वापरावर बंधनं येतात. जमीन संपादन करायचा अधिकार सरकारला आहे, नाही असं म्हणत नाही, पण प्रत्येक धुऱ्यावरचा दगड ताब्यात घ्यायला कोणाला वेळ आहे.

दुसरं, जागा संरक्षित असेल तर बांधकाम, खाणकाम, खोदकाम, स्फोट यांना मनाई. शेतीला मनाई नाही. कायद्यात चक्क लिहिलंय की वरच्या एक फुटापेक्षा खोल न खणता शेती करता येते. तीळ, ज्वारी, गवत चालेल. संत्र्याचा खड्डा एक फुटात बसत नाही. म्हणजे भाऊंचा बेत तिथं अडतो.

तिसरं, 2010 च्या दुरुस्तीनं केंद्र संरक्षित जागेच्या हद्दीपासून 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढचे 200 मीटर नियंत्रित केलेत, हे बांधकामासाठी. नागपूर जिल्ह्यात बरीच वर्तुळं या यादीत आहेत. तुमच्या शेजारच्या गावातलं असेल तर तुमचा गोठासुद्धा टप्प्यात येऊ शकतो. गट नंबर घेऊन पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूरच्या कार्यालयात विचारा, तोंडी नको, अर्ज द्या आणि पोच घ्या.

चौथं, हंडावाल्यांसाठी. 1878 चा गुप्तधनाचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं की जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं. दहा रुपये ते 1878 चे, पण आकडा आजही तोच. न कळवता विकलं तर गुन्हा. आणि जुनी वस्तू देशाबाहेर गेली तर 1972 चा पुरावशेष कायदा वेगळा बसतो.

खापरखुंट:

एक फुटाचं माहीत नव्हतं, छान. सेक्शनवाला, स्मारकाची शक्यता मान्य केलीत हे आवडलं. पण ‘मांडणी सारखी म्हणून घराणं एक’ याला माझा अजून थोडा विरोध आहे. मोजकी वर्तुळं खणली गेली आहेत, उरलेली हजारो तशीच आहेत. खणली ती कोणती? मोठी, ठळक दिसणारी. लहान, मोडकी वर्तुळं कोणी घेतली नाहीत. मग सारखेपणा आपण निवडीतूनच आणला नाही कशावरून?

सेक्शनवाला:

हा वार बसला. खरं आहे, हंगाम दोन-तीन महिन्यांचा, निधी तुटपुंजा, मग ज्यातून काही निघेल असं वाटतं तेच वर्तुळ घेतलं जातं. लहान वर्तुळं कोणाची? घोडा न परवडणाऱ्यांची? पोरांची? त्या काळात कोण श्रीमंत, कोण गरीब हे आपण घोडे आणि खंजीर मोजून सांगतो, आणि ज्यांच्याजवळ मोजण्यासारखं काही नव्हतं त्यांची वर्तुळं आपण खणलीच नाहीत. बरडावरच्या मित्राचं वर्तुळ चौदा-पंधरा पावलांचं, म्हणजे मधल्या मापाचं. म्हणून तरी ते राहावं.

बरडावरचा:

भावानं सगळं वाचलं. एक फुटाच्या कलमानं त्याला जास्त पटलं, कुऱ्हाडीनं नाही. त्या तुकड्यावर सध्या काही करत नाही म्हणाला, संत्रा विहिरीच्या बाजूला लावू. जेसीबीवाल्याला नाही म्हणून सांगितलं. बाबा म्हणतात त्या गोलात ते लहानपणी गुरं बसवायचे, म्हणजे गवळ्यांचं ते खरंच होतं. त्यांच्याशी कोण वाद घालणार.

काल नाल्याकडे गेलो होतो. काळी-तांबडी म्हणता तसे चार-सहा तुकडे दिसले, आतून काळे, बाहेरून तांबडे. उचलले नाहीत. अर्जाबरोबर फोटो लावायचे आहेत, कसे काढू?

सेक्शनवाला:

उचलले नाहीत हे झकास. खापरांचे फोटो आहे तिथंच काढा, शेजारी शाळेची पट्टी ठेवून. पट्टी नसेल तर नाणं चालेल. तुकडा उलटा करून आतली बाजू दाखवायची असेल तर आधी पडलेल्या स्थितीतला फोटो घ्या, मग उलटा, मग पुन्हा जागेवर. नाल्याच्या काठाला कुठे पाण्यानं माती कापून उभी भिंत झाली असेल तर तिचा फोटो वेगळा घ्या. त्यात राख किंवा जळक्या मातीची रेघ असेल तर वस्ती तिथंच होती असं समजा.

वर्तुळाचा एक फोटो लांबून, उंचवटा कळेल असा. पळस तोडू नका, मुळं उपटाल तर तीच खणती होईल. एक फोटो प्रत्येक बाजूनं, आणि कागदावर हाताचा नकाशा: दगड किती, कुठला कुठे पडलाय, उत्तर कुठे. खळग्यांचा दगड कोणत्या दिशेला आहे ते नीट लिहा, खापरखुंट आणि मी त्यावर आणखी महिनाभर भांडू. खळग्यांचा फोटो भर दुपारी काढला तर सपाट येतो. सूर्य उगवल्यावर लगेच किंवा मावळायच्या आधी, ऊन तिरपं असताना घ्या. खळग्यात खडू, रंग, तेल काही भरायचं नाही. पाणी असेल तर फडक्यानं टिपून घ्या.

आणि हे सगळे फोटो अर्जाला लावा, इथं टाकायचे झाले तर मोबाईलचं लोकेशन बंद करून. हंडावाले पण इंटरनेट वाचतात.

पोट्टा_नागपूरचा:

आमच्या हिश्शाचं मग कॅन्सल ना? बरं. नाल्यावरच्या खापराचा फोटो तेवढा टाकजा, राखेची रेघ हाय का ते पाह्याचं हाय.